टिटवीला झोपवायची शेवटची पायरी

१२ जानेवारी

चिरंजीव,

फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. आलेलं पत्र न फोडता फेकायला फार निबर मन लागतं, आणि तुझं तेवढं निबर झालेलं नाही असं मी अजून धरून चालते.

तू सुनेला पाठवलेला निरोप मी वाचला. चोरून वाचला नाही. तिनेच माझ्यासमोर मोबाईल धरला आणि म्हणाली, "आई, हे बघा तुमच्या मुलाचं." एरवी तू तिचा नवरा असतोस. काही खटकलं की माझा मुलगा होतोस.

"टिटवीला चार दिवस माझ्याकडे ठेवायचं आहे. साइटवरच्या खोल्यांमध्ये लहान मूल चालत नाही, म्हणून जवळच्या गावात हॉटेल घेतो." बस्स, एवढंच. कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. सिमेंटची गाडी मागवतानासुद्धा तू याहून दोन शब्द जास्त लिहीत असशील.

तुला आठवण करून द्यायला हवी, कारण पूल बांधणाऱ्यांचं लक्ष नेहमी पलीकडच्या काठावर असतं. तू 'दोन महिन्यांत येतो' म्हणून गेलास तेव्हा ही मुलगी तान्ही होती. आता ती धावते, चावते आणि सगळ्याला 'माझं' म्हणते. टिटवी हे नाव मी ठेवलं ते उगाच नाही. अंधार पडला की ओरडते आणि झोपली की पाय वर. दुसरं काय नाव ठेवणार? या अवधीत तू तिला किती वेळा पाहिलंस ते मी मोजत नाही. मोजायला फारसं नाहीच.

सून काय म्हणाली ते ऐक. "देईन. पण चार दिवस नीट जायला हवेत. पोर झोपेविना तारवटून परत आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही म्हणावं त्याला." ती आवाज न चढवता बोलते, आणि आवाज न चढवता बोलणाऱ्यांचं मी फार मनावर घेते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशाच एक सिस्टर होत्या.

तेव्हा सगळं झोपेवर आहे. आणि टिटवी परक्या खोलीत झोपत नाही.

हे मला कसं ठाऊक? तुझी बायको लिफ्ट तपासायला गावोगाव जाते. तिच्या मागे मी आणि माझ्या कडेवर टिटवी, अशी आमची वरात गेलं वर्षभर हॉटेलांतून फिरते आहे. ऑफिस एकच खोली देतं. पहिल्या हॉटेलात आम्ही दोघी पलंगावर बसून 'झोप आता, झोप' करत होतो आणि ती खाटल्यात उभी राहून आम्हाला टाळ्या वाजवून दाखवत होती. तिला वाटलं, खेळ आहे. शेवटी शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी भिंत ठोकली. टिटवीने उलट ठोकली. त्यांनी पुन्हा ठोकली. तिला इतकी चांगली सोबत आयुष्यात मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सून लिफ्टच्या खड्ड्यात उतरली तेव्हा डोळे मिटत होते तिचे. लिफ्टच्या खड्ड्यात, अरे! त्या दिवशी मी ठरवलं, हे शास्त्र मी शिकणार. आणि शिकले.

तुला ते हवं असेल तर लिही.

तुझी आई (अजून तरी)


२१ जानेवारी

शहाण्या,

तुझं उत्तर मिळालं. "आई, लेकराला झोपवायचं म्हणजे काय पूल बांधायचा आहे का? जमेल मला."

पूल रडत नाही. पूल अर्ध्यावर उठून 'पाणी' म्हणत नाही, आणि पाणी दिल्यावर 'हे नको, ते पाणी' म्हणत नाही. तू मागितलं नाहीस तरी सांगते, कारण मला तुझ्यापेक्षा तिची काळजी आहे.

खोली घेताना लिफ्टपासून लांबची माग. तुझी बायको नुसत्या आवाजावरून सांगते की दाराचा रूळ घासतोय की दोर सैल आहे. पण टिटवीला तेवढं ज्ञान नाही. तिला प्रत्येक 'टिंग' म्हणजे कोणीतरी आलं असं वाटतं. (कोण येईल असं वाटतं, ते मला विचारू नकोस.)

खोलीत शिरल्याबरोबर सामान उघडू नकोस. आधी तिला मोकळी सोड. तिला पलंगाखाली डोकावू दे, कपाटात बसू दे, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडझाप करू दे. तुला लाज वाटली तरी तूही पलंगाखाली डोकाव. परक्या जागेची एकदा हाताने ओळख पटली की ती निम्मी तिची होते.

खाटलं पलंगाशेजारी लावू नकोस. हॉटेलवाले तिथेच लावून जातात, त्यांना काय. तू दिसलास की ती झोपणार नाही. माणूस दिसतोय तोवर झोपायचं कशाला, असा तिचा सरळ हिशोब आहे. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये कोपरा असतो, तिथे खाटलं सरकव. हवा खेळती राहील एवढं बघ. पडद्याच्या फटीतून रस्त्यावरचा दिवा येतो. कपाटात पँट अडकवायचे चिमट्यांचे हँगर असतात, ते पडद्याला लाव. ही युक्ती तुझ्या बायकोची. मी टाचण्या लावणार होते तेव्हा ती म्हणाली, "आई, आपल्याला पुन्हा या हॉटेलात यायचंय."

दुपारची झोप मोडू नकोस. 'दुपारी जागी ठेवतो म्हणजे रात्री गाढ झोपेल' हे ज्याने प्रथम म्हटलं त्याला मूल नसणार. दमलेली टिटवी झोपत नाही, भांडते.

थोपटू नकोस. थोपटलं की ती थापा मोजायला लागते. गाणं म्हणू नकोस, तुझा गळा माझ्यावर गेलाय. मी इतकी वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या, अख्ख्या मुलखाने ऐकल्या, पण अंगाई म्हणायला गेले की टिटवी माझ्या तोंडावर हात ठेवते.

मग तिला खाटल्यात ठेवून तू बाथरूममध्ये जा आणि दार लोटून बस. हो, बाथरूममध्ये. आठ वाजले की आम्ही दोघी तिथेच असतो. मी कमोडच्या झाकणावर उशी घेऊन, तुझी बायको टबाच्या काठावर, आणि टब नसेल तेव्हा उपड्या बादलीवर. काळोखात. काळोखात का, ते पुढे येतं. सुरुवातीला मी बातम्यांच्या आवाजात कुजबुजायचे. "आई," ती म्हणाली, "तुमची कुजबुज म्हणजे साडेसातचं बातमीपत्र आहे. हळू." आता मला जमतं.

लग्न झाल्यापासून ती आणि मी एका स्वयंपाकघरात वावरलो, तिथे कधी बोललो नाही इतकं त्या बाथरूमांत बोललो. उजेडात माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतं. काळोखात सरळ बोलतं. काय बोललो ते तुला कशाला सांगू? एकच सांगते. एकदा तिने विचारलं, "हा लहानपणी कसा झोपायचा हो?"

मी म्हटलं, "माझ्या बातम्या लागल्याशिवाय झोपायचा नाही. त्याचे बाबा रेडिओ लावायचे आणि हा 'नमस्कार' ऐकलं की डोळे मिटायचा."

"म्हणजे तुम्हीही लांबच असायचात की."

"मी रोज घरी यायचे!" मी म्हटलं, आणि ते एवढ्या मोठ्याने म्हटलं की टिटवी उठली.

आता शेवटची पायरी. वरचं सगळं केलंस तरी ती झोपणार नाही, ही पायरी केल्याशिवाय. सापडायला मला तीन गावं लागली, आणि तिच्यापायी माझं पेन्शनरचं ओळखपत्र एका हॉटेलात राहिलं. ही पायरी मी लिहिणार नाही. फोनवर सांगेन. माझा नंबर बदललेला नाही.

याला अडवणूक म्हणतात हे मला माहीत आहे. माझं शिक्षण चांगल्या शाळेत झालं आहे.

तुझी आई


२९ जानेवारी

अरे हट्ट्या,

"फोनची गरज पडणार नाही." एवढा एकच मजकूर, आणि तोही सुनेच्या मोबाईलवर, 'आईला सांग' म्हणून. आईला सांग! मी काय पलीकडच्या गल्लीत राहणारी कोणी आहे?

हा ताठा तुला कुठून आला, असं मी सुनेला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चहा करू?"

मीही तुमच्याबरोबर त्या हॉटेलात येते, असं मी तिला सुचवून पाहिलं. शेजारची खोली घेईन, कोणाला दिसणार नाही, फक्त संध्याकाळी तासभर येऊन पोरीला निजवीन आणि जाईन. ती टिटवीचे कपडे बॅगेत भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही गेलात तर तुम्हीच निजवाल. मग त्याला काय येणार?"

"त्याला नाही आलं तर?"

"तर मला कळेल."

हे मी तुला का सांगते आहे? कारण ते बोलताना तिने टिटवीचा निळा स्वेटर घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला. तुझं नापास होणं तिला हवंय असं तुला वाटत असेल, तर तू गाढव आहेस. ती तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसली आहे. तोंडाने म्हणणार नाही. तुम्ही दोघंही तोंडाने काही म्हणत नाही, आणि मधल्यामध्ये मी बोलून बोलून वाईट होते.

जाताना तू मला विचारलं होतंस, "तू माझी आई की तिची?" मी तेव्हा दाराशी उभी होते आणि तुला रागाने काय काय म्हणत होते. याचं उत्तर राहिलं. मी टिटवीची आजी आहे. ज्याला त्या मुलीजवळ राहायचंय, त्याच्या बाजूची मी. तू राहिलास तर तुझ्या.

शेवटची पायरी चिठ्ठीवर लिहून स्वेटरच्या खिशात घालावी असं आज दुपारी दोनदा वाटलं. पेनसुद्धा उघडलं. मग वाटलं, नको. एक फोन करायला याचे काय हात झडतात का?

सून तिला आणि हे बंद पाकीट उद्या तुझ्याकडे सोडेल आणि तशीच मागे येईल. टिटवीला कडेवर घेताना घड्याळ काढून ठेव, ती दाताने ओढते. आणि ती आधी तुझ्याकडे आली नाही तर तोंड पाडू नकोस. माणसं ओळखायला तिला थोडा वेळ लागतो. पलंगाखाली डोकाव.

आई


३१ जानेवारी

आज हे पत्र तुला मिळणार नाही, टिटवीला घेऊन हॉटेलात आहेस. तुझ्या साइटवर पोचेल तेव्हा वाच.

काल संध्याकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. चार्ज केला, आवाज मोठा केला, रेंज आहे ना ते सुनेकडून तपासून घेतलं. आठ वाजले. सून समोर बसून एका लिफ्टचा अहवाल लिहीत होती, म्हणजे पेन धरून बसली होती. मी मनात तुझ्याबरोबर एकेक पायरी करत होते. आता हँगर लावले असतील. आता खाटलं सरकवलं असेल. आता ती उभी राहून टाळ्या वाजवते आहे. आता हा थोपटायला लागला, गाढव.

फोन वाजला. मी 'नमस्कार' म्हणून उचलला, बातम्यांच्या सवयीने. तरी वाजतच होता. वाजत होता सुनेचा.

तिने नाव पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उठली आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. स्वतःच्या घरात! टिटवी कोसांवर, घरात उठायला कोणी नाही, बसायला खुर्च्या आहेत. पण पोरीच्या झोपेबद्दल बोलायचं म्हणजे तिथेच जायचं, असं त्या पावलांच्या अंगवळणी पडलं आहे. दिवासुद्धा लावला नाही.

मला फोन करायचा सोडून तू तिला केलास! तीन गावं हिंडून मी शोधलेली पायरी, मी जपून ठेवलेली, आणि तू ती दुसऱ्या खिडकीवरून घेऊन गेलास. मी दाराला कान लावला नाही. मी दाराजवळ उभी होते, एवढंच. आमचं दार पातळ आहे.

"रडतेय? ... नाही रे, थोपटू नकोस. ... ते दाराजवळ खाचेत कार्ड असतं ना, दिवे लागायला? ... हो, तेच. ते तिला स्वतः काढू दे. कडेवर घेऊन ने तिला तिथे. ... अरे, जातातच सगळे दिवे! म्हणजे तिला कळतं की दिवस संपला आणि तो तिने संपवला. ... नाही, परत नाही घ्यायचं. मुठीतच ठेवायचं. कार्ड मुठीत असलं की कोणी दार उघडून जाऊ शकत नाही, असं वाटतं तिला. ... हो. ... हो रे. ... मग काळोखातच बसायचं. आम्ही नाही का बसलो?"

मग हसू. अरे, ते हसू मी घरात किती दिवसांनी ऐकलं! "आईंनी त्यांचं पेन्शनरचं कार्ड घातलं खाचेत, दिवे लागावेत म्हणून, आणि निघताना तिथेच विसरल्या. आता दर वर्षी ऑफिसात जाऊन मी जिवंत आहे हे सांगावं लागतं त्यांना." यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. त्या खाचेत कोणतंही कार्ड चालतं, हे त्या वेळी मीच शोधून काढलं होतं, याचा तिथे उल्लेखही झाला नाही.

मी रागाने बाहेरचं बटण दाबून बाथरूमचा दिवा लावला.

"आई, बंद करा ना!" आतून आवाज आला.

मी बंद केला.

तुझी आई


४ फेब्रुवारी

अरे बाळा,

टिटवी घरी पोचली. गालावर उशीची घडी होती आणि डोळे टवटवीत. सुनेने तिला दारातच उचलून उजेडात नेऊन पाहिलं, जशी ती दोर तपासते तशी, वरून खाली. निळा स्वेटर खुंटीला अडकवला आणि टिटवीच्या मुठीतून हॉटेलचं कार्ड सोडवून घेतलं. तू ते परत करायला विसरलास. शेवटी मुलगा माझाच.

टिटवीने तुझ्याबद्दल काय सांगितलं ते हवंय ना? "बाबा खाली." मी विचारलं, खाली कुठे? तर ती जमिनीवर पालथी पडली आणि सोफ्याखाली डोकावली. म्हणजे पत्रं वाचत होतास तर.

आता मूळ मुद्दा. पहिल्या रात्री तू फोन केलास, ते समजलं. पोर रडत होती. दुसऱ्या रात्रीही केलास. नवीन जागा, धीर हवा, म्हणून मी काही म्हटलं नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा बाथरूमचं दार लागलं, आणि मला बाहेर ताटकळत बसावं लागलं. सून बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "अजून झोपत नाही का गं ती?"

"झोपली की. आठलाच झोपली."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

ती माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा पेला भरला आणि पाठमोरी म्हणाली, "त्याच्या खोलीत काळोख होता, आई. एकटा बसून काय करेल?"

मी इतकी वर्षं बातम्या वाचल्या. कोणतंही वाक्य कोरड्या आवाजात वाचून पुढच्याकडे जायची मला सवय आहे. हे वाक्य ऐकल्यावर पुढचं सुचायला मला जरा वेळ लागला.

पुढच्या महिन्यात तू पुन्हा तीच खोली घेतोस असं कळलं. कळलं म्हणजे सुनेने सांगितलं, तू नाहीच. ती म्हणते, या वेळी टिटवीला सोडायला ती स्वतः येईल आणि "बघू, एखादा दिवस थांबेन, तिथल्या लिफ्टचा आवाज बरा नाही." तू लिफ्टपासून लांबची खोली घेतली होतीस. तिला तो आवाज कुठून ऐकू आला, असं मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. जन्मात एकदा तरी गप्प बस.

माझ्याकडे माझं रेडिओ स्टेशनचं जुनं ओळखपत्र आहे, फोटोसकट. खाचेत बरोबर बसेल. ते घातलंस की टिटवीच्या मुठीतलं कार्ड तिच्याकडेच राहील आणि तुझ्या खोलीत दिवा लागेल, पंखा फिरेल, टीव्हीही चालेल. तुला पाठवायचं म्हणून मी ते पाकिटात घातलंही होतं.

मग काढून घेतलं. पाठवत नाही. बस काळोखात.

तुझी आई

ता. क. तिथे दोघं असाल तेव्हा प्रश्नच नाही. पण तोवर रोज फोन करणार असशील तर जरा लवकर करत जा. आपल्या घरात बाथरूम एकच आहे, आणि माझं वय झालं आहे. आणि कधीतरी तोच फोन माझ्या नंबरवरही लागतो का, ते एकदा तपासून बघ.